साध्या टार्गेटवरचे न्यूट्रॉन

८ फेब्रुवारी १९८८

नाही केली सही.

डॉ. नरहरींनी पेपर टेबलावरून माझ्याकडे सरकवला आणि वर स्वतःचं पेन ठेवलं. पाच नावं. माझं तिसरं. या संस्थेत पीएच.डी. केली, नंतर फेलोशिपवर राहिले, एवढ्या वर्षांत त्यांच्या खोलीत बसायला खुर्ची मिळाली ती आज.

इथे नीट लिहून ठेवते. उद्या कुणी म्हणेल ललिताचं डोकं फिरलं होतं. निदान मला तरी माहीत असावं काय झालं ते.

आमचं काम सांगायला सोपं आहे. लेझरचा झोत प्लास्टिकच्या बारीक कणावर मारायचा. मोहरीहून लहान कण, त्यालाच आम्ही टार्गेट म्हणतो. त्याच्या प्लास्टिकमध्ये जड हायड्रोजन असतो. झोत असा जबरदस्त की क्षणभर तो कण सूर्याच्या पोटासारखा तापतो, हायड्रोजनची केंद्रकं एकमेकांत मिसळतात आणि न्यूट्रॉन बाहेर पडतात. मिसळली की नाही याचा पुरावा एकच — न्यूट्रॉन. जानेवारीत आमच्या काउंटरने ते मोजले. मिठाई आली. मीही खाल्ली.

मग परवा शनिवारी मी साधा कण लावला. जड हायड्रोजन नसलेलं, साधं प्लास्टिक. त्यातून न्यूट्रॉन येणं शक्यच नाही. काउंटरने जवळजवळ तेवढेच मोजले!

म्हणजे ते न्यूट्रॉन नव्हतेच. शॉट घेताना, म्हणजे झोत सोडताना, वीज साठवणाऱ्या कंडेन्सरची अख्खी बँक एकदम रिकामी होते. तिचा धक्का काउंटरच्या तारांत शिरतो. काउंटर बिचारा त्यालाच न्यूट्रॉन समजतो. एवढंच आहे ते.

सरांना सांगितलं. म्हणाले, "एका शॉटवरून?"

"पुन्हा घेऊ या ना सर. तुमच्यासमोर."

"पेपर उद्या जाणार आहे, ललिता." मग अगदी मायेने — "तुझे वडील भिलाईला काय करतात?"

"स्टील प्लांटात कोळशाच्या भट्टीवर, कोक ओव्हनला आहेत."

"मग हा थाट तुला परवडेल का?"

त्यांचं पेन उचललं, टोपण लावलं, त्यांच्यासमोर ठेवलं आणि उठले.  


१२ फेब्रुवारी

फेलोशिप पुढे वाढणार नाही. कारण दिलेलं नाही. मी विचारलंही नाही.


१३ फेब्रुवारी

विजयकुमारने सही केली. ज्यात टार्गेट ठेवतो तो चेंबर आम्ही दोघांनी मिळून उभा केला. त्यातली एकेक खिडकी आम्ही घासली आहे. शनिवारचा शॉट त्याने माझ्या शेजारी उभं राहून पाहिला होता.

म्हणाला, "आधी पेपर जाऊ दे. मग आपण शांतपणे तपासू."

म्हटलं, "मग तपासून काय करशील? सापडलं तर सांगशील?"

 संध्याकाळी तो डब्यात दहीभात घेऊन आला, भिलाईच्या गाडीत खायला. बायकोने केलेला. डबा खोलीच्या खिडकीत तसाच ठेवला. मला उपाशी जायचं होतं.


१७ फेब्रुवारी, भिलाई

सेक्टर पाच. तोच क्वार्टर, दारात तेच सीताफळाचं झाड. बाबा पहिल्या पाळीवरून आले, सायकल लावली, मला पाहिलं. "सुट्टी आहे का?"

नाही म्हटलं. सांगून टाकलं सगळं, उभ्या उभ्या. त्यांनी हात धुतले, पाय धुतले, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सही कावून नाही केली?"

"खोटं आहे ते."

"तू थोडीच लिहलं? सायबानं लिहलं. सायेब जाणे." मग आवाज चढला. "मी साऱ्या लाईनीले सांगतलं, माही पोरगी सूर्य बनवून राहिली. आता लोकायले काय सांगू?"

"सांगा, अजून नाही बनला."

आई आतून म्हणाली, "जेवू द्या तिले आधी."

बाबा जेवले नाहीत. फकिरा आत्माराम, गोंदियाकडचे, धान रोवता रोवता कारखान्याची भरती ऐकून आले. बत्तीस वर्षं साहेबांपुढे मान खाली. मी मान खाली घालावी म्हणून नव्हतं शिकवलं त्यांनी मला. आता तेच म्हणून राहिले, घाल.


२० फेब्रुवारी

देवीदासचं म्हणणं — "ताई, साइन कर देती ना, क्या फ़रक पड़ता था? बादमध्ये करेक्शन पाठवता येतं ना?" धाकटा भाऊ, नुकताच कारखान्यात अप्रेंटिस लागला. घरात मराठी बोलतो, तीही अर्धीच.

या घरात मी एकटी आहे. असू दे.


६ मार्च

बोरसीहून सिंधुमावशी स्थळ घेऊन आली. मुलगा अहिवाऱ्याला चुनखडीच्या खाणीवर सुपरवायझर. आज तो बघायला आला. चांगला होता दिसायला. लेझर म्हणजे डोळ्यांच्या ऑपरेशनचं का, असं विचारलं. मी समजावलं, त्याने ऐकलंसुद्धा. शेवटी म्हणाला, "पण लग्नानंतर हे सगळं कशाला?"

म्हटलं, "लग्नाच्या आधी विचारलं ते बरं केलं."

ते लोक गेल्यावर मावशी आईवर उखडली. "तिले सांग, सोड म्हणा आता ते सूर्य-बिर्य. तिशी आली पोरीची."

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सोड म्हणायले ते का वांगं आहे, हातातलं?"

आईला माझं काम किती समजतं, मला माहीत नाही. कधी विचारलं नाही तिने. आज पहिल्यांदा वाटलं, विचारायची तिला गरजच पडली नसेल.


११ जुलै

भिलाई-३ च्या एका खाजगी कॉलेजात लागले. तात्पुरती. बी.एस्सी.ला प्रकाशशास्त्र. टेम्पोने जाते, पदर आणि पुस्तकं सांभाळत. प्राचार्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मैडम, यहाँ कोर्स पूरा कराइए. रिसर्च-विसर्च के लिए बड़े शहर हैं."

मान हलवली. हो म्हटलं नाही.


३० ऑगस्ट

वर्गात एका मुलीने विचारलं, "मैडम, सूर्य बुझता क्यों नहीं?" कोर्समध्ये नाही. तास संपेपर्यंत तेच शिकवलं. फळा भरला, पुसला, पुन्हा भरला. किती दिवसांनी घसा दुखला!


११ सप्टेंबर

आज जे झालं ते लिहितानाही अंग तापतं.

पेपर छापून आला असणार, कारण रायपूरच्या हिंदी वर्तमानपत्रात बातमी होती. धरती पर सूरज, असं काहीतरी. डॉ. नरहरींचा फोटो. संस्थेचं नाव. बाबांच्या पाळीतल्या कुणीतरी ते वाचलं, संस्था ओळखली, आणि बाबांना खांद्यावर उचलायचं तेवढं बाकी ठेवलं. तुमचीच मुलगी ना तिथे?

बाबा हो म्हणाले.

एवढंच नाही. सुपेल्याच्या बाजारातून पेढे आणले आणि पाळीभर वाटले. उरलेले पुडक्यात बांधून घरी आणले. माझ्यासाठी!

"माझं नाव नाही त्यात, बाबा."

"नाव कोण वाचते?"

"मी वाचते."

"तू काम केलं का नाही तिथं? मंग? हक्काचं आहे ते तुह्यं. सोडून कावून द्यायचं?"

पुडकं उचलून अंगणात भिरकावणार होते. आईने हातातून काढून घेतलं. म्हणाली, "अन्न आहे ते."  मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

त्या मोजणीत एकही न्यूट्रॉन नाही. एकही नाही. छातीवर बसलं कुणी तरी हेच सांगीन.


१२ सप्टेंबर

बाबांशी बोलत नाही.


२५ सप्टेंबर

नुसतं 'खोटं आहे' म्हणत बसले तर मीही नरहरीच. मी म्हणते धक्का तारांत शिरतो. शिरतो, तर दाखव, ललिता. आणि शिरत असेल तर त्याला बाहेर कसं ठेवायचं तेही दाखव.

कॉलेजच्या कपाटात एक जुना गायगर काउंटर आहे. न्यूट्रॉन मोजणारा नाही, पण जात तीच. ठिणगी पाडणारी इंडक्शन कॉइल तर प्रत्येक लॅबमध्ये असते. लेझर नसला म्हणून काय झालं!


२ ऑक्टोबर

शिरतो! आज सुट्टी, लॅब रिकामी, चावी प्रयोगशाळेच्या बाईंकडून मागून घेतली. जवळपास किरणोत्सर्गी असं काहीच नाही. कॉइल चालू केली, ठिणगी पडली — काउंटर कड्कड् कड्कड्. बंद केली, शांत. पुन्हा चालू, पुन्हा कड्कड्.

एकटीच हसत बसले.


९ ऑक्टोबर

सुपेल्यात कबाड्याकडे तांब्याची जाळी मिळाली. देवीदासने तिची पेटी करून दिली, सगळे सांधे नीट झाळून. "ये किसके लिए, ताई?" एका काउंटरसाठी, म्हटलं. बाहेरून येणारी एकही तार नको, म्हणून काउंटर बॅटरीवर चालवायचा आणि बॅटरीही पेटीच्या आत.

पहिला प्रयत्न फसला. कड्कड् चालूच. झाकणाला फट होती. देवीदासला वाटलं मी चिडीन. त्याला सांगितलं, फट सापडली म्हणजे निम्मं झालं.


१६ ऑक्टोबर

बाबांची आज साप्ताहिक सुट्टी. सकाळी म्हणाले — मला नाही, भिंतीला — "पेटी जड आहे. घेऊन येतो मी."

टेम्पोत मांडीवर पेटी घेऊन बसले. कॉलेजात याआधी कधी पाय ठेवला नव्हता, माझ्या नाही की कुणाच्याच. लॅबच्या दारात चप्पल काढली. घाला म्हटलं तरी घातली नाही.

आधी पेटीशिवाय दाखवलं. ठिणगी, कड्कड्. मग काउंटर पेटीत, झाकण घट्ट. ठिणगी. काही नाही. कॉइल पेटीला भिडवली. काही नाही. एवढी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती.

बाबा स्टुलावर बसले. बराच वेळ पेटीकडे पाहत होते. मग म्हणाले, "म्हंजे तुह्या सायबाले खोटं नव्हतं बोलायचं?"

"आधी नव्हतं. त्यांनाही खरंच वाटलं, बाबा. मलाही वाटलं होतं. मग मी दाखवलं तेव्हा त्यांना पाहायचं नव्हतं."

"हं." झाकण बोटाने दाबून पाहिलं. "ते पेढे त आता कोणाच्या पोटातून काढू मी?"

मला हसू फुटलं. त्यांनाही. आठ महिन्यांत आम्ही दोघं एकत्र हसलो नव्हतो.

येताना मात्र म्हणाले, "आता झालं ना तुह्यं समाधान? बस कर मंग." नाही झालं, म्हटलं. 


१४ डिसेंबर

नागपूरला पुढच्या आठवड्यात परिषद आहे. डॉ. नरहरींचं भाषण. विषय — तोच. रजा मागितली. प्राचार्य म्हणाले, "परीक्षा सिर पर है, मैडम. और आपको बुलाया किसने?"

कुणीच नाही बुलाया. जाणार.


२१ डिसेंबर

नागपूरहून परत आले. आई थालीपीठ करून राहिली आहे. मी आधी लिहून घेते.

हॉल गच्च. मी शेवटच्या रांगेत. स्लाइड बदलायला प्रोजेक्टरपाशी विजयकुमार. त्याने मला पाहिलं आणि एक स्लाइड उलटी लागली. सर चांगले बोलले. त्यांच्यासारखं कुणी बोलत नाही, हे खोटं कशाला सांगू? याच आवाजाने मला एम.एस्सी.नंतर तिकडे ओढून नेलं होतं. काउंटरच्या आकड्यांची स्लाइड आली. टाळ्या.

प्रश्न विचारा म्हणाले. तिघाचौघांनी विचारले, सगळे गुळचट. मी उभी राहिले. 

"सर, साध्या टार्गेटवर शॉट घेतला का? जड हायड्रोजन नसलेल्या?"

सरांनी चष्मा काढला. मला ओळखलं होतं, ते दिसत होतं. शांतपणे विचारलं, "आपण कोणत्या संस्थेतून?"

"भिलाईहून आले आहे."

पुढच्या रांगांत कुणीतरी हसलं. "स्टील प्लांट?"

"माझे वडील प्लांटमध्ये आहेत. मी फिजिक्स शिकवते. प्रश्न तोच आहे, सर. घेतला का?"

सर पाण्याचा ग्लास शोधायला लागले. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, वेळ संपली म्हणाले, चहा तयार आहे म्हणाले. लोक उठले. मी उभीच होते. कुणी माझ्या बाजूने आलं नाही. एक म्हातारे प्राध्यापक जाता जाता थांबले, म्हणाले, "प्रश्न बरोबर आहे, बाई. विचारायची जागा चुकली." मी म्हटलं, "जागा मला एवढीच मिळाली."

बाहेर व्हरांड्यात विजयकुमार. दाढी वाढलेली. मला वाटलं टाळेल. नाही टाळलं.

"मला माहीत आहे," एवढंच म्हणाला.

"मग बोलला का नाहीस आत?"

"मुलगी झाली आहे, ललिता. दहा महिन्यांची आहे."

राग आला नाही, असं नाही. पण त्याच्याकडे पाहिलं आणि भांडावंसं वाटेना. पेटी कशी केली ते सांगितलं. तांब्याची जाळी, झाळलेले सांधे, आत बॅटरी, झाकणाची फट. चहाच्या कपाखालच्या कागदावर रेघा मारून दाखवलं. त्याने एक-दोन प्रश्न विचारले, जुन्यासारखे, मुद्द्याचे. कुणीतरी आतून हाक मारली. तो गेला.

वापरेल की नाही, देव जाणे. मी मात्र माझं काम केलं.


२३ डिसेंबर

कॉलेजकडून विचारणा. विना परवानगी गैरहजर का राहिलात, लेखी खुलासा द्या, खेद व्यक्त करा.

लिहून दिलं — परिषदेला गेले होते. पुढच्या वर्षीही जाईन.

प्राचार्यांनी दोनदा वाचलं. "खेद कहाँ है इसमें?"

"नहीं है, सर."


९ जानेवारी १९८९

काढलं नाही. ऑप्टिक्स शिकवायला दुसरं कुणी मिळालं नसणार. पगारवाढ मात्र विसरा म्हणाले. विसरले.


४ फेब्रुवारी

बाबांच्या पाळीत कुणीतरी पुन्हा विचारलं, आपकी लड़की का सूरज कहाँ तक आया? बाबांनी काय उत्तर दिलं ते देवीदासकडून कळलं. म्हणाले — "वह ग़लत था. मेरी लड़की ने पकड़ा."

मला सांगितलं नाही त्यांनी. मीही ऐकलं असं दाखवलं नाही. जेवताना त्यांच्या पानात भाजी दोनदा वाढली, एवढंच.


९ मार्च

दुपारी तास चालू असताना शिपाई आला. ऑफिसात ट्रंक कॉल. विजयकुमार. लाइन खराब, तो ओरडून बोलत होता, मी ओरडून. सर महिनाभर परदेशी गेले आहेत. त्याने जाळीची पेटी बसवली. साध्या टार्गेटवर — काही नाही. पुन्हा घेतला — काही नाही.

मी म्हटलं, "हेच तर सांगत होते मी."

"थांब," तो ओरडला. "ठेवू नको. मग जड हायड्रोजनचं लावलं. आले, ललिता! थोडे आहेत, फार थोडे. त्या खोट्या आवाजाखाली दबले होते, म्हणून दिसले नाहीत. तीन दिवस तपासतोय. खरे आहेत."

लाइन तुटली. क्लार्क, शिपाई, सगळे माझ्याकडे पाहत होते. काय सांगणार? वर्षभर मी सगळ्यांशी भांडले की तिथे काहीच नाही.

होतं.